बाटल्यांचे भाऊजी

भाऊजी जेवायला बसले की मी पदराचं टोक नाकाशी धरूनच वाढायला उभी राहत असे. त्यांच्या अंगाला वास येई असं मुळीच नाही. दोन वेळा आंघोळ, रोज धुतलेलं धोतर, नखंसुद्धा कापलेली. घाण होती ती त्यांच्या तोंडी. पहिला घास पोटात गेला की ते समोर बसलेल्या आमच्या ह्यांना विचारायचे, "दादा, आज सकाळी कसं झालं? तरंगलं की बुडलं?" आणि आमचे हे, वरणभात कालवता कालवता, खरंच आठवून उत्तर द्यायचे.

मी नागपूरच्या महाल भागातली. आमच्या माहेरी ह्या विषयावर शब्द म्हणून कोणी काढत नसे. करंगळी किंवा दोन बोटं वर केली की संपलं. लग्न होऊन गोंदियाला आले आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या पानातला वालाच्या उसळीचा ढीग पाहून भाऊजी म्हणाले, "वहिनी, एवढे वाल खाऊन राहिल्या, रात्री वारा सरतो की पोटातच फिरतो?" नवी नवरी होते मी, अंगावर हळद होती अजून. मी ताट तसंच सोडून उठले आणि न्हाणीत जाऊन ओकले. बाहेरून त्यांचा आवाज आला, "पाहा, वालानं झालं!"

भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. नागपूरला बी.एस्सी. झाले होते आणि गोंदियात मुलांच्या शाळेत सायन्स शिकवायचे. हे भाताच्या गिरणीत कारकून. गाव अर्धंअधिक हिंदी बोलणारं, तेव्हा भाऊजींना सगळे 'गॅसमास्तर' म्हणायचे, तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं काही वाटत नसे. मला वाटे. बाजारात कोणी "गॅसमास्तर की भाभी" म्हणून ओळख दिली की मी भाजी न घेताच परत येई.

परसाकडे धान्याची एक जुनी कोठी होती, ती त्यांनी आपली प्रयोगशाळा केली होती. तिथे भाताच्या तुसांनी भरलेल्या टोपल्यांत बाटल्या पुरून ठेवलेल्या असत, ऊब राहावी म्हणून. एका बाटलीत भाताची पेज, एकीत इकडच्या स्वस्त लाखोळीच्या डाळीचं पाणी, एकीत गव्हाचा कोंडा. आणि प्रत्येकीत चिमूटभर ते. 'ते' म्हणजे काय हे मी आजही लिहिणार नाही, वाचणाऱ्यांना समजलं असेल. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत: 'दादा', 'स्वतः', 'दूधवाली'. 'वहिनी' अशीही एक चिठ्ठी लिहून तयार होती. ती मी पाहिली त्या दिवशी मी माहेरी जायला ट्रंक भरली. भाऊजींनी चिठ्ठी फाडली तेव्हाच ट्रंक उघडली.

पेजेत आयोडिनचा थेंब टाकला की ती निळीशार होते. तीच पेज 'दादा' घालून तीन-चार दिवस उबेत ठेवली की थेंब टाकूनही निळी होत नाही. हे ते मला हाताला धरून दाखवायला न्यायचे, लहान मुलानं किडा दाखवावा तसे. "कुठे गेला त्यातला पिठाचा अंश? खाल्ला! कोणी खाल्ला? ह्या जंतूंनी!" आणि बाटली नाकाशी आणायचे. त्यांचं म्हणणं असं की माणूस खातो त्यातलं साधं तेवढंच त्याच्या स्वतःच्या रसांनी पचतं. डाळींची सालं, कोंडा, डाळीतली एक हट्टी साखर, ह्यांना आपला रस हातही लावू शकत नाही. ते सगळं जसंच्या तसं खाली मोठ्या आतड्यात जातं, आणि तिथे, हवा नसलेल्या अंधारात, जंतूंची वस्ती असते. हे जंतू ते फोडतात, आंबवतात, त्यातून आंबट रस होतो आणि वारा होतो. "वहिनी, आपण फक्त चावतो. शेवटचा स्वयंपाक त्यांचा. आणि तो आंबट रस आपल्याच रक्तात जात असला पाहिजे, माझी खात्री आहे. त्यांचं उष्टं आपण खातो!" उष्टं हा शब्द त्यांनी माझ्यासमोर, माझ्या सोवळ्याच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहून काढला.

त्या काळी शहाणीसुरती माणसंही म्हणत की आतड्यातले जंतू म्हणजे विष, दर रविवारी एरंडेल घेऊन कोठा धुऊन काढावा. आमच्याकडेही तसंच होतं. भाऊजी एरंडेलाची वाटी पाहिली की कळवळत. "अहो, वस्ती उठवून राहिल्या तुम्ही! गरिबांची घरं आहेत ती!" आमची मुलं हसायची. मी मुलांचं नाक दाबून एरंडेल पाजायची.

त्यांचं लग्न जमलं नाही ह्याचं कुणाला नवल वाटायला नको. भंडाऱ्याहून एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलीचे वडील मोठे सभ्य, चहा घेऊन झाल्यावर म्हणाले, "आपली प्रयोगशाळा पाहू या की." हे डोळ्यांनी खुणावत राहिले, पण भाऊजी निघालेच. पाण्यात उलटी धरलेली एक बाटली होती, तिच्यात लाखोळीचा वारा साठवलेला. ती उचलून तिच्या तोंडाशी त्यांनी काडी लावली. भप् करून निळसर ज्योत उठली. पाहुणे म्हणाले, "वा, कसला हो गॅस?" भाऊजींनी कसला ते सांगितलं आणि कोणाचा तेही सांगितलं. पाहुण्यांनी रुमाल तोंडावर धरला तो टांग्यात बसेपर्यंत काढला नाही. भाऊजी मात्र संध्याकाळभर खूष होते, ज्योत इतकी चांगली याआधी कधी उठली नव्हती म्हणे.

परक्या माणसालाही ते सोडत नसत. महाशिवरात्रीला आम्ही सगळे नागऱ्याच्या महादेवाला गेलो होतो. भाऊजी दर्शनाच्या रांगेत लोकांना विचारत हिंडले, उपासाला रताळं खाल्लं की शिंगाडा, आणि पोट गुरगुरतं का. एका म्हाताऱ्यानं छत्री उगारली. मी देवासमोर डोळे मिटून उभी होते आणि देवाकडे काय मागत होते ते सांगितलं तर पाप लागेल.

आमच्याकडे दूध घालायला जवळच्या मुर्री गावाहून पारबताबाई यायची. चांगल्या शेतकरी घरातली, अंगानं दणकट, बोलणं तोंडावर. रात्रीचा उरलेला भात पाण्यात भिजत घालून सकाळी ते आंबूस पाणी मिठाशी प्यायचं, ही बासी तिच्या घरची रोजची न्याहारी. मला त्या वासानं मळमळायचं. भाऊजी मात्र तिला अंगणात बसवून तासन् तास विचारायचे, आणि एकदा तर तिच्या लोट्यातली बासी तिथेच तोंड लावून प्यायले. "हिच्या पोटातले गडी पाहा दादा, लाखोळी दोन दिवसांत साफ! तुमचे आळशी आहेत." पारबताबाईला ते काहीच कळत नसे. तिला एवढंच दिसत होतं की ह्या मास्तरच्या कोठीत रांगेनं बाटल्या आहेत, त्यांना वास येतो, आणि घरची बाई त्यांचं नाव काढत नाही. ह्यावरून तिनं जे समजायचं ते समजून घेतलं.

बेचाळीसच्या चळवळीत तिचा मुलगा पूरन तारा तोडल्याबद्दल तुरुंगात गेला. त्याची बायको सगुणा सासूपाशी राहिली. पुढच्या वर्षी लढाईपायी तांदळाला असा काही भाव आला की खेड्यांतल्या लोकांनी घरचं धान विकलं आणि स्वतः लाखोळी खाल्ली. मग एका दुपारी पारबताबाई दुधाची वेळ नसताना आली, मागच्या दारानं, आणि माझ्याशी न बोलता सरळ कोठीकडे गेली. मी मागोमाग गेले.

"मास्तर, एक बाटली द्या," ती म्हणाली.

"कायले?" भाऊजींनी तिच्याच बोलीत विचारलं.

"सुनेचं पोट वाढून रायलं. पोरगा जेलात. कोनाचं होय ते सांगत नाई, नाई म्हनते फकत. सुईन म्हनते मी मोकरं करतो, पन तिच्या हातून मांगच्या साली एक पोरगी मेली. तुमी सिकलेले. तुमची दवा साफ असंल."

मला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा अंगावर काटा आला. दोन वर्षं ती आमच्या अंगणात येत होती, हसत होती, मला 'बाई' म्हणत होती, आणि सबंध वेळ ती आमच्या कोठीला असल्या कामाची जागा समजत होती. मला वाटलं, भाऊजी तिला हाकलतील. भाऊजींनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला, "खाते काय ती?"

"काय खाईल? लाखोरी. सकारी लाखोरी, रातच्याले लाखोरी. भात मी म्हाताऱ्याले देतो."

"बाजूला बसते?"

"दोन महिन्यांपासून नाई. मंग?"

भाऊजी उठले. "सुईणीला हात लावू देऊ नको. आजच घेऊन ये तिला इथे. तिच्या पोटात लेकरू नाही, असं मला वाटून राहिलं." पारबताबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि समजूतदारपणानं मान डोलावली. असलं काम करणारा माणूस तोंडानं असंच बोलणार, हे ती धरून चालली होती. ते आम्हाला पुढे कळलं.

सगुणा आली ती बैलगाडीतून, कांबळ्याखाली झाकून. हातापायांच्या काड्या झालेल्या, गालफडं बसलेली आणि पोट मात्र पुढे. भाऊजींनी तिला हात लावायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी मला परसात नेलं, पाण्यानं भरलेल्या माठावर डावं बोट आडवं ठेवून त्यावर उजव्यानं टिचकी मारायला लावली, मग रिकाम्या माठावर. "भरल्याचा आवाज मठ्ठ, रिकाम्याचा मोकळा. समजलं? आता जा आत. मी दाराबाहेर उभा राहतो." मी म्हटलं, मी नाही. परक्या बाईच्या उघड्या पोटाला मी हात लावणार नाही. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही नाही लावला तर उद्या सुईण लावते."

मी आत गेले. तिच्या पोटावर बोट ठेवलं तेव्हा त्याच्या आत काहीतरी गुरगुरत वळलं आणि मला शिसारी आली. तरी मी टिचकी मारली. वर, बाजूला, खाली बेंबीच्या खाली, जिथे भाऊजी बाहेरून सांगत होते तिथे तिथे. सगळीकडे आवाज मोकळा, टणटणीत. "मोकळा!" मी ओरडले. दाराबाहेरून भाऊजी म्हणाले, "वारा आहे. नुसता वारा." पोरगी तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

त्यानंतर आठ-दहा दिवस ती आमच्याकडेच राहिली, ते मी जन्मात विसरणार नाही. लाखोळी बंद, डाळी बंद. मऊ भात, ताक, थोडं तूप, आणि पोटावर गरम विटेचा शेक. भाऊजींनी सांगितलं होतं की वारा अडवायचा नाही, येईल तसा जाऊ द्यायचा. तो आला. त्या लहान खोलीत तो जो काही आला, त्याचं वर्णन माझ्यानं होणार नाही. मी खिडकीत तोंड घालून बसायची. बदफैलीचा आळ पोरीनं सोसला होता, पण ह्या आवाजानं ती लाजून भिंतीत जायला बघायची. "बाई, तुमाले किती घान वाटत असंल." मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "वाटते. पण येऊ दे." मग तिनं विचारलं, "हा वाराच होय ना बाई? लेकरू नाई ना?" मी म्हटलं, लेकराला असा वास येत नाही. ती हसली, आणि हसता हसता पुन्हा तेच. मीही हसले. किळस वाटत असताना मी हसले ती पहिलीच वेळ.

पोट उतरलं. गालांवर जरा रंग आला. आणि अंगात थोडं बळ येताच ती बाजूला बसली. मला इतका आनंद झाला की मी देवापुढे साखर ठेवली. नेमकी त्याच दिवशी पारबताबाई न्यायला आली. तिनं सपाट पोट पाहिलं, कोपऱ्यात बसलेली सून पाहिली, आणि सुटकेचा सुस्कारा टाकला. "झालं मोकरं?"

मी सांगितलं, भाऊजींनी सांगितलं, पोरीनं तर पाय धरले. पारबताबाई सगळ्याला हो हो म्हणाली. मग गाडीतून तिनं एक मोठं कोहळं, पायली तांदूळ आणि दह्याचं मडकं काढलं आणि भर रस्त्यावर, शेजारपाजार बघत असताना, भाऊजींच्या पायांवर डोकं ठेवलं. "मास्तर, माझ्या घरची अब्रू राखली. कोनाले सांगनार नाई." हे ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की समोरच्या किराणावाल्यानं तराजू खाली ठेवला.

निघताना सगुणा मला म्हणाली, "बाई, तुमाले त मालूम आहे ना?" मी मान हलवली. सासूनं तिला मुर्रीला नेलंच नाही. परस्पर दरेकशाला, माहेरी, सोडून दिलं.

महिनाभरात गावभर झालं. शाळेच्या कमिटीची चार माणसं आणि मुर्रीचे दोन पंच आमच्या ओसरीवर येऊन बसले. मी दाराआड होते. भाऊजींनी सगळं शास्त्र सांगितलं, बाटल्या आणून दाखवल्या, ज्योतही लावली. कुणी ऐकलं नाही. शेवटी कमिटीतले एक गृहस्थ, गळ्यात सोन्याची साखळी, म्हणाले, "ठीक है मास्तर. त्या बाईला आणा. आमच्यासमोर पुन्हा लाखोळी खायला घाला. पोट फुगलं तर आम्ही मानू." बाकीच्यांनी माना हलवल्या. एकानं ओठांवरून जीभ फिरवली, ते मी फटीतून पाहिलं.

ह्यात खोट काही नव्हती. प्रयोग म्हणून तो अगदी बरोबर होता. भाऊजींची नोकरी वाचली असती, नाव वाचलं असतं, आणि जन्मभर जे सांगत आले ते गावाला पटलं असतं. आतड्यातल्या गोष्टी चारचौघांत मांडायला ह्या माणसानं कधी मागेपुढे पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते उभे राहिले आणि म्हणाले, "ती बेडूक नाही." एवढंच. मग आत येऊन राजीनामा लिहिला.

मला बाटल्यांची किळस येई, भाऊजींच्या बोलण्याची येई, पण ओसरीवरची ती धुतलेल्या कपड्यांतली माणसं उठून गेल्यावर मी त्यांची बसायची सतरंजी चिमटीत धरून बाहेर टाकली ती टाकलीच, पुन्हा घरात घेतली नाही.

भाऊजी रायपूरला गेले, एका खाजगी शाळेत नोकरी मिळाली होती. स्टेशनवर गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून डोकं काढलं. मला वाटलं आता तरी काही चांगलं बोलतील. म्हणाले, "वहिनी, एरंडेल कमी करा बरं." मी म्हटलं, "चूप बसा हो, लोक ऐकताहेत." मग घरी येऊन त्यांच्या बाटल्या मीच रिकाम्या केल्या, नाकाला ओलं फडकं बांधून, मधे दोनदा ओकून. पुढच्या थंडीत रायपूरला ते न्यूमोनियानं गेले. मी आतल्या खोलीत खूप रडले. एवढं रडू येईल असं मला वाटलं नव्हतं.

पूरन सुटून आला तो त्यानंतर. वाळलेला, दाढी वाढलेली, पायात कुणाच्या तरी मोठ्या वहाणा. ओसरीवर बसला. आमचे हे गिरणीत होते. तो खाली बघत म्हणाला, "माय सांगते मास्तरनं सगरं निपटलं म्हनून. मास्तर त आता नाई. तुमी घरात होत्या. काय निपटलं ते तुमी सांगा."

परक्या पुरुषाशी मी उंबऱ्याबाहेर येऊन कधी बोलले नव्हते. मी बाहेर आले आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसले. लाखोळीपासून सुरुवात केली. डाळीतली कुठली साखर आपल्याला पचत नाही, ती खाली कुठे जाते, तिथे कोण बसलेले असतात आणि ते तिचं काय करतात. मग टिचकी. मग विटेचा शेक. मग तिचा वारा किती वेळा सरला, कसा आवाज, कसा वास, मी कशी खिडकीत तोंड घालून बसले. जे शब्द माझ्या आईनं जीव गेला तरी काढले नसते, ते सगळे मी एकामागून एक काढले, पूर्ण, एकही न गिळता. माझे कान तापले होते. तो मान वर करून बघत होता. मधेच त्यानं नाक मुरडलं, अगदी मी मुरडायची तसं.

"लई वास येत होता?" त्यानं विचारलं.

"मळमळून यायचं," मी म्हटलं.

 मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं, उठला आणि त्या मोठ्या वहाणांत पाय घातले.

"बाई," तो म्हणाला, "दरेकशाची गाडी किती वाजता आहे?"